न दिलेली ओ

"एका हाकेले कोणी ओ देते का? येडी आहे का ही पोरगी?"

बाई हे मला उद्देशून बोलल्या नव्हत्या. त्या ड्रायव्हर भाऊंच्या कानाशी कुजबुजल्या होत्या. पण मी टेबलाच्या पलीकडे जेमतेम दोन हातांवर होते आणि मध्ये फक्त तीन जुन्या फायलींचे पुठ्ठे उभे केलेले होते. पुठ्ठ्यांमागून सगळं ऐकू येतं. मी ऐकलं नाही असं दाखवलं आणि खेळातलं वाक्य पुन्हा सांगितलं, "झाडीतून हाक येते. आवाज ओळखीचा आहे. तुम्ही काय करता?"

तिघांपैकी कोणीच माझ्याकडे पाहिलं नाही. बाईंनी फासा मुठीत धरून ठेवला. भाऊंनी मान खाली घातली. तिसरा, आमचा जंगलात कॅमेरे लावणारा सहकारी, खिडकीबाहेर बघत राहिला. रविवारची दुपार होती. रस्त्यापलीकडे धान भरडायची गिरणी चालू होती, तीही नेमकी तेव्हाच थांबली.

"काहीच नाई करत," शेवटी बाई म्हणाल्या. "चूप बसतो."

"म्हणजे किती वेळ?"

"हाक जाईपर्यंत."

मी वहीत लिहिलं: थांबतात. त्या दिवशी गोष्ट तिथेच संपली.

आमचं फील्ड ऑफिस नागभीडपासून थोडं आत, जंगलाला लागून आहे. चार खोल्या, एक व्हरांडा, मागे स्वयंपाकघर. जंगलात झाडांना बांधलेले कॅमेरे समोरून काही हललं की पंधरा सेकंदांचा व्हिडिओ घेतात. त्यांची कार्डं दर दोन आठवड्यांनी माझ्याकडे येतात आणि मी ती बघते. माझं काम एवढंच. वाघ, अस्वल, रानडुक्कर, सायकलवरचा माणूस, सरपण नेणाऱ्या बाया, आणि बहुतेक वेळा कोणीच नाही, नुसतं हललेलं पान. कानात हेडफोन असतात, कारण आवाजही नोंदवायचा असतो. चंद्रपूरच्या घरी आई विचारते, दिवसभर करतेस काय? मी सांगते, रिकामं जंगल बघते. तिला ती थट्टा वाटते.

खेळ मी पुण्याहून आणला होता. हॉस्टेलमध्ये शिकले होते. खेळ सोपा आहे. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आपण काय करणार ते बोलून सांगतात, आणि जमलं की नाही हे फासा ठरवतो. गोष्ट सांगणाऱ्याला गेम मास्टर म्हणतात. जंगल, वारा, राक्षस, पावसातलं गाव, चहाच्या टपरीवरचा म्हातारा, हे सगळं तोच असतो. मला चार लोकांत तोंड उघडायला जड जातं. पण तो म्हातारा होऊन मी कितीही बोलू शकते.

ऑफिसात मी हा खेळ मांडेन असं मला स्वतःलाच वाटलं नव्हतं. एका रविवारी नेटवर्क गेलं, जीपच्या स्प्रिंगचा पाटा तुटलेला होता, कोणालाच कुठे जाता येईना. मी एकटीच टेबलावर वीस बाजूंचा फासा फिरवत बसले होते. भाऊंनी विचारलं, "हे काय होय मॅडम, लुडोचं भूत?" मी समजावलं. त्यांनी बाईंना बोलावलं. बाई आमच्या स्वयंपाकघरात होत्या, पन्नाशीच्या, जिभेला धार. हात पुसत आल्या.

"मंग मी कोण होऊ?"

"कोणीही. योद्धा, वैद्य, जादूगार..."

"तहसीलदार."

भाऊ इतके हसले की त्यांना ठसका लागला. "राजाच्या राज्यात तहसीलदार कुठी असते वं बाई?"

"काऊन? राजाले सातबारा लागत नाई?"

तर बाई तहसीलदार झाल्या. भाऊ चोर झाले, कारण त्यांच्या मते गाडी नसलेल्या जगात तेवढाच धंदा उरतो. सहकारी गडचिरोलीकडच्या एका जंगलातल्या गावचा, गोंड घरातला. भाऊ त्याला म्हणाले, "तू तर धनुष्यबाणवाला होशील." तो शांतपणे म्हणाला, "मी डोळ्यांचा डॉक्टर." पुढचे दोन महिने आमच्या टोळीत एक तहसीलदार, एक चोर आणि एक डोळ्यांचा डॉक्टर होता, आणि पुण्यातल्या कुठल्याही योद्ध्यांपेक्षा ते जास्त दूर गेले. बाईंनी एका राक्षसाला अर्जावर सही नाही म्हणून परत पाठवलं होतं. फासाही त्यांच्याच बाजूने पडला.

गेम मास्टरला सगळं आधी माहीत असतं असं खेळणाऱ्यांना वाटतं. तसं नसतं. तो एक रस्ता आखतो आणि खेळणारे भलतीकडून जातात. मला ते आवडतं. पण या वेळी माझी गाडी एकाच जागी अडकली होती. पुण्यात चाललेली एक गोष्ट मी इथे आणली होती. एका जंगलात काहीतरी राहतं. त्याला रूप नाही. ते तुमच्या सोबत्याच्या आवाजात हाक मारतं. कोणीतरी ओ देतं, आवाजाच्या मागे जातं, आणि गोष्ट सुरू होते. पुण्यात प्रत्येक वेळी मिनिटाच्या आत कोणीतरी ओ दिली होती. इथे तीन रविवार झाले, कोणी देईना. मी "हाक येते" म्हटलं की तिघेही गप्प. नुसते खेळातले गप्प नाहीत, खरोखरचे. भाऊंची थट्टा थांबायची. बाई श्वाससुद्धा हळू घ्यायच्या. आणि मला, जिने ती हाक काही क्षणांपूर्वी स्वतःच बनवली होती, मागे वळून दाराकडे बघावंसं वाटायचं.

ही त्यांची खेळातली हुशारी आहे असं मी धरून चालले. विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

मग मी एक डाव आखला. चैत्र लागला होता. पहाटे उघड्या खिडकीतून मोहफुलांचा जडसा गोड वास यायचा आणि गावं अंधारातच टोपल्या घेऊन जंगलात जायची. भाऊ भाचीच्या लग्नाला गोंडपिपरीला गेले होते, म्हणजे त्या रविवारी त्यांचा चोर खेळात नव्हता. मी ठरवलं, चोर रात्रीतून टोळीपासून चुकला, नाल्यात पडला, पाय मोडला. या वेळी येणारी हाक त्या रूप नसलेल्या गोष्टीची नाही, त्याचीच. वहीत पेन्सिलने, इंग्रजीत लिहिलं: हाक खरी. ओ दिली तर वाचेल. नाही दिली तर फासा.

आणि या वेळी मी "हाक येते" असं नुसतं सांगितलं नाही. हाक मारली.

कशी मारायची ते मला पाठ होतं. हेडफोनमधून ऐकलेली होती. इथे जंगलात नाव घेऊन हाकारत नाहीत, नुसता सूर काढतात. आधी लांब, मग थोडा वर चढलेला, मग एकदम तोडलेला. माझ्या क्लिपांमध्ये तो कधी सहाव्या सेकंदाला येई, कधी बाराव्या, आणि पंधराव्याला सगळं बंद. मी तोच सूर काढला. ऑफिसच्या खोलीत तो मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा मोठा झाला. माझे कान गरम झाले. जो आवाज मी आयुष्यात कधी काढला नव्हता तो माझ्या गळ्यातून निघाला होता, आणि तो माझा वाटत नव्हता.

सहकारी खुर्चीतून अर्धा उठला. बाईंनी पदराचा बोळा तोंडावर दाबून धरला, दोन्ही हातांनी. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मागच्या दाराकडे बघत होत्या, स्वयंपाकघरापलीकडे जिथे कुंपण संपतं आणि झाडं सुरू होतात.

मी थांबले. कोणी ओ दिली नाही. पुन्हा हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग फासा टाकला, सगळ्यांना दिसेल असा. एक पडला, सगळ्यात वाईट आकडा.

"सकाळ होते," मी सांगितलं. "नाल्यात तुम्हाला चोर सापडतो. मेलेला."

बाईंनी पदर खाली केला. "मंग हाक त्याची होती?"

गेम मास्टर असं कधी सांगत नाही. गूढ राखणं हे त्याचं कामच असतं, हॉस्टेलमध्ये मी तेच शिकले होते. मी थोडंसं हसले. मला माझ्या डावाचा अभिमान वाटत होता.

"ते मी सांगणार नाही," मी म्हटलं.

बाई उठल्या आणि आत गेल्या. नंतर मी स्वयंपाकघरात डोकावले तर संध्याकाळच्या पोळ्या झाल्या होत्या, भाजी झाली होती, सगळं झाकून ठेवलेलं होतं. त्या मात्र न सांगता घरी गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी भाऊ परतले. "मी तिकडं पंगतीत बुंदी खाऊन राह्यलो अन् तुम्ही इथी मले मारून टाकलं! निदान तेरवीचं जेवण तरी ठेवा." कोणी हसलं नाही. त्यांनी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि जीप धुवायला निघून गेले.

बाई कामाला येत होत्या. ताट पुढे ठेवायच्या, बोलायच्या नाहीत. तिसऱ्या दिवशी व्हरांड्यात मला अडवलं. "हाक कोणाची होती ते सांग ना, पोरी." आवाजात नेहमीची धार नव्हती. मी गोंधळले आणि "रविवारी सांगते" असं काहीतरी म्हणून सुटले. मला कळत होतं की त्या चोराविषयी विचारत नाहीत. पण कशाविषयी, ते कळत नव्हतं.

ते मला सहकाऱ्याने सांगितलं, कार्डं देताना, माझ्याकडे न बघता.

"मॅडम, जंगलात एका हाकेले ओ देत नाई. दुसरीलेबी नाई. माणूस असला तर तीनदा हाक मारते. जे माणूस नाई ते एकदाच मारते. ओ दिली का ते तुमच्या मागं लागते. लहानपणापासून हेच शिकवते सगळ्याईले."

"मला माहीत नव्हतं."

"बाईची जाऊ. मोहफुलं वेचाले गेल्या होत्या दोघी. आठ-नऊ वर्षं झाली असंल. बाई एका झाडाखाली, जाऊ त्या बाजूले. एक हाक आली. बाईनं रीतीप्रमाणं ओ नाई दिली, दुसरीची वाट पायली." त्याने उरलेली कार्डं टेबलावर ठेवली. "दुसरी आलीच नाई. उजेडल्यावर टोपली दिसली. वाघानं नेली होती."

मी कार्डं मोजायला घेतली आणि तशीच ठेवली.

"अन् तुम्ही जो सूर काढला ना," तो म्हणाला, "तो तुम्हाले कोणं शिकवला?"

"कोणी नाही. क्लिपमध्ये ऐकला."

"कोणत्या?"

ती क्लिप मी त्या दुपारी शोधून काढली. मोहाचं एक झाड, खाली जाळून साफ केलेली काळी जमीन, कोणी नाही. नवव्या सेकंदाला तो सूर. बाईचा आवाज, तरुण नाही, म्हातारा नाही. पंधराव्या सेकंदाला चित्र संपतं. कॅमेऱ्याची बॅटरी पूर्ण संपली की त्याची तारीख मागे जाऊन कारखान्यातल्या पहिल्या दिवसावर बसते. या क्लिपवर तीच तारीख होती. म्हणजे ती कधीची, हे सांगता येत नाही. आमचे कॅमेरे जंगलात लागून तीन वर्षंही झालेली नाहीत, तेव्हा ती आठ-नऊ वर्षांपूर्वीची असूच शकत नाही. हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी ती पुन्हा पुन्हा लावली. दर वेळी वाटायचं, या वेळी सोळावा सेकंद येईल.

सहकाऱ्याने हेडफोन लावून एकदाच ऐकली आणि काढून ठेवला. "बाईच्या गावचा सूर आहे हा," तो म्हणाला. "हर गावचा आपला राहते. सासूपासून सुनेले जाते." मग दाराशी जाऊन, "पुसून टाका मॅडम." मी पुसली नाही. रिकाम्या क्लिपा आम्ही वर्षाअखेरीस तशाही पुसतो, पण ही ठेवली. का, ते मला सांगता येणार नाही.

इतके महिने मला वाटत होतं की इथले लोक एकदाच हाक मारतात. कारण माझ्या पंधरा सेकंदांत एकच मावते. दुसरी, तिसरी, त्यांची ओ, हे सगळं कॅमेरा बंद झाल्यावर होत असणार. मी जंगल बघते असं मी म्हणत होते. मी त्याचे तुकडे बघत होते, आणि त्यावरून गोष्ट रचत होते.

शनिवारी मी वही काढली. वहीतलं सगळं इंग्रजीत होतं, बाईंना ते वाचता आलं नसतं. काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. खोडरबर घेऊन मी तो एक शब्द पुसला. "खरी"च्या जागी "खोटी" लिहिलं की झालं. बाईंनी जे केलं ते बरोबर ठरलं असतं. हाक त्या रूप नसलेल्याची, ओ न देणंच योग्य, चोर वेगळ्याच कारणाने मेला. खेळ माझा होता. मी गेम मास्टर होते, माझ्या जंगलात मी म्हणेन ते खरं. पुसलेल्या जागी कागद खरखरीत झाला होता. मी बराच वेळ पेन्सिल धरून बसले, आणि शेवटी तिथे पुन्हा तोच शब्द लिहिला.

रविवारी बाई खेळायला आल्या. न बोलावताच आल्या, ठरल्या जागी बसल्या. भाऊही बसले, खेळात मेलेले असूनही. सहकारी दाराशी उभा राहिला. मी पुठ्ठे उभे करू लागले तर बाई म्हणाल्या, "ते राहू दे." मी ते खाली ठेवले. पुठ्ठ्यांशिवाय टेबल फार अरुंद वाटलं.

"मी काई खेळाले नाई आली," बाई म्हणाल्या. "एक सांगतो, मग एक विचारतो."

"सांगा."

"जाऊ अन् मी बोलत नव्हतो त्या दिवशी. झाडावरून. तो मोह आमच्याकडंच होता, सासऱ्यानं मले देल्ला होता. तिनं आदल्या दिवशी जाऊन त्याच्याखालचा पाला जाळला, जागा साफ केली. जो साफ करते त्याचं झाड त्या सालापुरतं. म्हणजे तिचं झालं." बाईंनी टेबलावरचा फासा उचलला, परत ठेवला. "मी लय बोलली तिले. मंग रात्री नाई, सकाळी नाई, एक शब्द नाई. मंग ती हाक आली. अन् मी ओ नाई देल्ली."

"रीतच आहे ना ते बाई," भाऊ हळूच म्हणाले. "कोणं देल्ली असती?"

"तेच तर मी आठ वर्षं सांगून राह्यलो सगळ्याईले. रीत आहे, रीत आहे." त्या भाऊंकडे वळल्या नाहीत. "पण मले आवाज ओळखू आला होता. मी मनात म्हटलं, मार अजून. मार अजून दोनदा, मंग देतो. ते रीतीनं म्हटलं का रागानं म्हटलं, ते मले नाई समजत. तुलेबी नाई समजणार. ते नाई विचारत मी."

बाहेर ऊन पांढरं झालं होतं. मागचं दार उघडं होतं आणि त्यातून झाडांची रांग दिसत होती, अगदी स्थिर. इतकी स्थिर की माझ्या कॅमेऱ्याने तिची दखलही घेतली नसती.

"एवढंच सांग," बाई म्हणाल्या. "तुझ्या जंगलात तू देव आहेस. तुले मालूम राहते. त्या दिवशी हाक तिचीच होती ना?"

त्या 'तिची' म्हणाल्या. भाऊंनी ते ऐकलं, सहकाऱ्याने ऐकलं, मी ऐकलं. कोणी दुरुस्त केलं नाही. बाईंची नजर माझ्या तोंडावर होती, आणि मला समजलं की मी खोटं बोलले तर ते त्यांना लगेच कळेल, आणि त्या काही न बोलता उठून भाजी चिरायला जातील, आणि पुन्हा कोणालाच हे विचारणार नाहीत.

बाईंच्या जावेच्या गळ्यातून दुसरी हाक का निघाली नाही, हे मी सांगू शकत नव्हते. माझ्या गळ्यातून का निघाली नाही, हे मला माहीत होतं. मी वही मिटली.

"हाक खरी होती, बाई," मी म्हटलं. "तुम्ही दुसरीची वाट बघत होत्या. ती मी मारायला हवी होती, आणि मी मारली नाही, कारण एवढ्या मोठ्याने ओरडायची मला लाज वाटली."